खांद्यावरची थाप

मंगळवार, दिवेलागण

आज ह्यांच्या मोटारसायकलवर कर्जतच्या बाजारला गेले. सत्तरीला टेकले तरी मागं बसलं की लई हरिक वाटतो, पदरात वारं भरतं. आमची जुनी खूण हाय. ज्या खांद्यावर मी थाप मारीन, तिकडं हे गाडी घेत्यात. येताना म्होरं उसाची ट्रॉली उभी. उजव्या खांद्यावर थाप मारली, वाचलो. घरी आल्यावर हे म्हनले, "उगं कशाला मारलीस गं? रस्ता तर मोकळा हुता."

ट्रॉली दिसलीच न्हाई? भर उन्हात?

लेकाला सांगितलं तर तो चावीच काढून घेईल. मंग ते वारं पन गेलं. उद्या हे गाडीवरच पार श्रीरामपूरला लेकीकडं निघालेत. म्हनत्यात, "लांबचा पल्ला हाय, तू नको येऊस." मंग थाप कोन मारंल?

लेकाला न्हाई सांगितलं. उद्यासाठी माझी साडी तेवढी काढून ठिवली.