एक वाक्य जास्त

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाही, नाही आणि नाही. फोन करणार नाही. तू केलास तरी उचलणार नाही, आणि शेजारच्या काकूंच्या फोनवर लावून मला बोलावून घ्यायची युक्ती पुन्हा केलीस तर मी खोली बदलेन. रागावलीस? रागाव. पण आधी हे वाच, मग भांड.

मला बोलायची भीती वाटते, ताई. हो, मला. जिला तुम्ही सगळे टिटवी म्हणता, तिला. दुकानात गेले की बोटाने वस्तू दाखवते. रिक्षावाल्याला पत्ता लिहून देते. परवा एकाने मला मुकी समजून सुट्टे पैसे हातात मोजून दिले आणि जाताना डोक्यावर हात ठेवला. हसलीस ना? मीपण हसले, पण आवाज न करता.

माझं काम तुला अर्धंच माहीत आहे. काचेच्या खुराड्यात बसायचं, कानावर हेडफोन. परदेशात आपल्या भाषेचं कुणी अडलं की तिथल्या दवाखान्यातून, पोलिसांकडून, वीज कंपनीतून आमच्याकडे फोन येतो आणि दोघांच्या मधे मी. नियम मोजके आहेत. समोरचा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं. ‘बाईंचं पोट दुखतंय’ नाही, ‘माझं पोट दुखतंय.’ म्हणजे जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी एकदा बाळंत झालेली असते, एकदा माझा पासपोर्ट हरवलेला असतो आणि एकदा मी माझ्याच बायकोशी भांडलेली असते. स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही. ऐकलेलं काही गाळायचं नाही. आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. म्हणून सगळं सांगत नाही, फक्त एवढंच.

मागच्या महिन्यात एक बाई न्हाणीघरातून कुजबुजत होती. पलीकडे तिथला पोलीस. तो म्हणाला, शांत राहा, माणसं निघालीत. मी ते सांगितलं, आणि वर एक वाक्य जास्त बोलले. कोणतं, ते विचारू नकोस. ती वाचली. पुढे तिला नवऱ्यापासून लांब एका गावात नेऊन ठेवलं, आणि योग असा की तो फोनही माझ्याच कानाला आला. त्या गावाचं नाव मी माझ्या तोंडाने उच्चारलंय.

आता तिचा नवरा मला शोधतोय. आपल्या भाषेचे आम्ही दोघंच दुभाषी, दुसरा पुरुष. नवरा वीज कंपनीला लावतो, वाचनालयाला लावतो, आपली भाषा मागतो आणि माझा आवाज लागेपर्यंत लावत राहतो. पहिल्यांदा मीटरचं बोलता बोलता मधेच आपल्या भाषेत म्हणाला, बाई, त्या दिवशी तूच होतीस ना? नियमाप्रमाणे मी ते वीज कंपनीच्या कारकुनाला जसंच्या तसं सांगितलं. तो बिचारा म्हणाला, त्या दिवशी मी रजेवर होतो. तेव्हा हसू आलं. त्यानंतर नवरा जे जे म्हणाला ते मी पुढे सांगितलंच नाही. गिळलं. काय म्हणाला तेही लिहवत नाही. त्याला माझं तोंड माहीत नाही, मला त्याचं माहीत नाही. आवाज तेवढा दोघांना पाठ.

म्हणून पत्र. आईला बरी आहे म्हणून सांग.

लोभ आहेच, तो माझ्या गप्प बसण्यावर कापू नकोस.

तुझी,
टिटवी

*

५ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा फोन लागत नाही, पत्र नाही, तेव्हा म्हटलं आपणच लिहावं. मोठी झालीस, विमानाच्या पलीकडच्या लोकांशी बोलतेस, मग आमच्याशी कशाला बोलशील. असो. टोमणा पोचला असेल तर पुढे वाच.

आईचे गुडघे तसेच. कानाचं यंत्र टेबलावर आणि तोंड मात्र चालू. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी खाली पोरं क्रिकेट खेळायला लागली की खिडकीतून हजेरी घेतल्यासारखी ओरडते. तुझी पत्रं ती पाकिटासकट पाणी प्यायच्या तांब्याखाली ठेवते, उडून जाऊ नयेत म्हणून.

भाषांतराचं दुकान बरं चाललंय. कोर्टासमोर बसलं की माणसांना तोटा नाही. जन्मदाखले, लग्नदाखले, शिक्के, सगळ्यांना काल हवं असतं. पण परवा एक गिऱ्हाईक आलं, ते वेगळंच. परदेशातून आलेला, अगदी सभ्य, खुर्ची ओढतानासुद्धा आवाज करत नाही. त्याच्याकडे तिथल्या कोर्टाच्या कागदांतलं एकच पान होतं. कुण्या दुभाष्या बाईने फोनवर सांगितलेलं, ते तिकडच्यांनी त्यांच्या भाषेत उतरवलेलं. म्हणाला, मूळ आपल्या भाषेत ती नेमकं काय बोलली असेल ते हवंय. दोन-तीन दुकानं फिरला म्हणे. कुणी लिहून दिलं, दार बंद करून जलप्राशन करावे. कुणी काय, कुणी काय.

मी वाचलं आणि मला हसूच फुटलं गं. मी म्हटलं, अहो, हे आमच्या घरचं वाक्य आहे. कडी घाल आणि पाणी पी. आम्ही लहानपणी घाबरलो की आई हेच म्हणायची, आणि वर्गात पोरी रडल्या की त्यांनाही हेच. तो माणूस किती खूश झाला म्हणून सांगू. कामाची अशी दाद मला आजवर कुणी दिली नव्हती. मग विचारत बसला, आई कुठल्या शाळेत होत्या, कुठल्या वर्गाला. मी म्हटलं, शेकडो पोरी शिकल्या तिच्या हाताखाली, त्यातलीच एखादी असेल, आणि तशी माझी धाकटी बहीणही हेच काम करते. आईला भेटायला येतो म्हणाला. बोलावलंय.

आता लिहिता लिहिता डोक्यात आलं, ती तूच तर नव्हतीस ना? असलीस तर आईला सांगते. तिचं वाक्य सातासमुद्रापार गेलं म्हणून ती गल्लीभर सांगत फिरेल.

जेवत जा. ओठ उघडायला जमत नसेल तर निदान घास घालायला तरी उघड.

लोभ माझ्याकडे शिल्लक भरपूर आहे, तुझ्याकडचा पाठव.

तुझी ताई

*

८ फेब्रुवारी

ताई,

मायना नाही, माफ कर. तुझं पत्र आत्ता मिळालं. तोच आहे.

पत्र वाचल्याबरोबर मी सगळं सोडून दुकानाच्या फोनवर लावला. उचलला गेला. मी तोंड उघडणार तेवढ्यात पलीकडून तो म्हणाला, बोला. तोच आवाज, ताई. तुझ्या दुकानात, तुझ्या फोनवर. मी एक अक्षर न बोलता ठेवून दिला. माझा श्वास त्याने ऐकला असेल. मग घरी लावला, तर आई कानाचं यंत्र टेबलावर ठेवून बसलेली असणार, वाजत राहिला. तुझ्या मोबाईलवर कडक शब्दांत लिहून पाठवावं असं वाटलं, पण तो तुझ्या शेजारी बसलेला, आणि तुझा मोबाईल काउंटरवर उताणा पडलेला असतो, मला माहीत आहे. म्हणून तातडीच्या कुरिअरने हे पाठवतेय, तुझ्याच हातात द्यायला सांगून.

हो, ती मीच. तिने विचारलं होतं, माणसं येईपर्यंत मी काय करू? पोलिसाला त्यावर काही सुचलं नाही, पण माझ्या तोंडून निघून गेलं. आईचा आवाज जसा असतो ना, तसाच निघाला. तिने कडी घातली. दार फुटायच्या आत माणसं पोचली.

त्याला त्या गावाचं नाव हवंय. ते तिच्या वकिलाकडे आहे, पोलिसांकडे आहे, आणि माझ्याकडे. त्यातली सगळ्यात मऊ मी.

त्याला घरात घेऊ नकोस. आणि तो दिसतो कसा ते लिही. रस्त्यात जो जो गप्प उभा असतो तो मला तोच वाटतो.

टिटवी

*

१० फेब्रुवारी

चि. टिटवीस,
आशीर्वाद, जेवढे आहेत तेवढे सगळे.

तुझं कुरिअर यायच्या आधीच तो घरी येऊन गेला.

त्या दिवशी फोन त्यानेच उचलला, खरं आहे. मी पलीकडे झेरॉक्स काढायला गेले होते. परत आले तर म्हणाला, राँग नंबर होता, कुणी बोललंच नाही. आणि हसला. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही, याचं आता मला काय वाटतं ते कसं लिहू.

घरी आला तो फळं घेऊन. आईच्या पाया पडला. आईने यंत्र कानात घातलं, गप्पा रंगल्या. मग त्याने मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, आजी, ते वाक्य एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. आईने मोबाईल बाजूला सारला. तिने त्याच्याकडे बघितलं, उशिरा आलेल्या पोराकडे बघायची ना, तसं. म्हणाली, तिला कडी घालायला कुणी शिकवलं ते विचारत फिरतोस, ती घालायची वेळ कुणी आणली ते आधी सांग. मला काही कळेना. तिला कसं कळलं, विचारलं तर नंतर म्हणते, इतकी वर्षं पालक बघितलेत.

त्याने कप खाली ठेवला. आवाज न करता. मग माझ्याकडे वळून सांगितलं: “तुमच्या बहिणीला एवढंच सांगा. सोमवारी दुपारी मी लाईनवर आपली भाषा मागेन. तिने फक्त गावाचं नाव घ्यायचं. मग मी कुणाच्याच दारात येणार नाही.” चपला घालताना फळांची पिशवी सरळ करून ठेवली, कलंडली होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या कुलपात कुणीतरी काडी मोडून ठेवलेली. पोलीस चौकीत गेले. त्यांनी विचारलं, त्याने केलं काय? मी म्हटलं, चहा प्यायला. त्यांनी वही मिटली. मी उठून आले.

तू विचारतेस तो दिसतो कसा. टिटवे, मी आठवून आठवून थकले. चारचौघांसारखा. मध्यम उंची, फिका शर्ट. गर्दीत उभा केला तर मीसुद्धा दोनदा बघेन.

एक लिहिते, मग मला काय म्हणायचं ते म्हण. काल जिन्यात पावलं वाजली तेव्हा माझ्या मनात आलं, सांगून टाक नाव. कुठली कोण बाई, आपण तिला पाहिलंही नाही. इथे आई आहे, मी आहे. सांगून टाक आणि संपव. मी हे मागतेय तुझ्याकडे. मोठी असून मागतेय.

आणखी एक. कालपासून तो इथे दिसला नाही. आणि तांब्याखालच्या तुझ्या पत्रांतलं वरचं पाकीट सापडत नाही. पत्र आहे, पाकीट नाही. मागच्या बाजूला तुझा पत्ता होता.

आईला घेऊन मी मावशीकडे निघतेय. पत्र तिथेच टाक.

लोभ राहू दे, बाकी काही राहो न राहो.

तुझी ताई

*

सोमवार, १३ फेब्रुवारी

ती. ताईस, आणि यंत्र घातलं असेल तर आईसही,
सा. न. वि. वि.

नाव सांगणार नाही. तू मागितलंस म्हणून रागावले नाही. मीही स्वतःकडे रोज तेच मागतेय. पण ती बाई माझ्यासाठी कुठली कोण नाही गं. तिचं ‘मला वाचवा’ माझ्या तोंडून गेलंय. ‘मी’ म्हणून गेलंय. आता ते परत कसं घेऊ?

काल मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. जास्त बोललेलं एक वाक्य, आणि नंतर गिळलेली सगळी. मला वाटलं पहिल्यावरून नोकरी जाईल. मॅडम त्यावर फारसं बोलल्या नाहीत, महिनाअखेरीला बघू म्हणाल्या. दुसऱ्यावरून मात्र भडकल्या. म्हणाल्या, अगं, तो तुला धमकी देतोय, कारण त्याला वाटतं आपली भाषा म्हणजे बंद खोली आहे, आत फक्त तू आणि तो. आणि तू गिळून गिळून त्याला ती खोली बांधून दिलीस. पलीकडच्याला एक अक्षर कळलं नाही, मग रेकॉर्ड असून उपयोग काय, कुणी ऐकायचं ते?

तर आज असं ठरलंय. तो लाईन मागेल, ती मलाच मिळेल. पलीकडे वीज कंपनी नसेल. त्या रात्रीचा पोलीस असेल, तसं मॅडमनी त्यांच्याशी बोलून ठरवलंय. मी नवीन काहीच करायचं नाही. फक्त नियम पाळायचा. तो जे जे म्हणेल ते सगळं, न गाळता, पहिल्या पुरुषात. मी तिला शोधतोय. मी तुझ्या आईच्या घरी जाऊन आलो. मी कुलपात काडी घातली. माझ्या आवाजात, त्याचं ‘मी’. हे बोलताना जीभ सुकली तर काय करायचं, ते कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं नाही.

पण आधी ऑफिसला पोचायला हवं.

सकाळपासून जिन्याच्या वळणावर एक माणूस बसलाय. दाराच्या भोकातून दिसतो. मध्यम उंची, फिका शर्ट. हातात मोबाईल. मीटर बघायला आलेला असेल, वरच्यांकडे आला असेल, कुणाची तरी वाट बघत असेल. एकदा खोकला. खोकण्यावरून आवाज ओळखता येत नाही, ताई, मी कान लावून बघितला. मॅडमना कळवलंय, त्या गाडी पाठवतायत, पण गाडी खाली येणार आणि जिना मधे आहे. फोन तो कुठूनही लावू शकतो. जिन्यातूनही.

मी ठरवलंय, दार उघडलं की आधी मीच बोलणार. शेजारच्या काकूंना मोठ्याने हाक मारणार, वरच्यांना मारणार, आणि त्या माणसाला विचारणार, कोण हवंय? तो मीटरवाला निघाला तर वेडी म्हणेल. म्हणू दे. इतके दिवस मुकी होते, आज वेडी. पण त्याला उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर दिलं की मला कळेल.

हे पत्र जाता जाता काकूंच्या दाराखालून सरकवेन, त्या टाकतील. या पत्त्यावर उत्तर धाडू नकोस. संध्याकाळी मी इथे नसेन, मॅडमकडे असेन किंवा कुठे ते मलाच माहीत नाही.

आईला सांग, तिचं अर्धं ऐकलं. पाणी प्यायले. खाली हॉर्न वाजतोय. कडी काढतेय.

टिटवी