‘इंग्रिड’चे छत्तीस फूट

अल्लाहचे नाव घेऊन मी कादिर दाऊद तांडेल, वय एकसष्ट, धंदा बोटींच्या इंजिनांची दुरुस्ती, मूळ राहणार दाभोळ, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम अल खोबरजवळची मरीना, सौदी अरेबिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. नजर चष्म्यासह शाबूत आहे. पोटाबद्दल मात्र मी कसलीही हमी देत नाही. त्याचे कारण कलम तीनमध्ये येईल. मला कोणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही. बायको फोनवर जे बोलली ते यात धरत नाही.

मृत्युपत्र आजच करण्याचे कारण असे की, उद्या शनिवारी सकाळी सात वाजता मी माझ्याच बोटीत बसून समुद्रात जाणार आहे आणि जिवंत परत येईन असे मला वाटत नाही. वारा मंद राहील असे हवामानवाले सांगतात. बोटही उत्तम आहे. खोट माझ्यात आहे.

कलम एक. मालमत्ता. ‘इंग्रिड’ नावाची शिडाची बोट, लांबी छत्तीस फूट, डोलकाठी एक, शिडे दोन, सहा जणांची निजण्याची सोय, दोन बर्नरची शेगडी, डिझेल इंजिन. अबकैकच्या तेलाच्या प्लांटमधला एक नॉर्वेजियन इंजिनीअर २०१४ साली देश सोडून गेला, तेव्हा जाता जाता त्याने ती मला जवळजवळ बक्षीस दिल्यासारखीच दिली. नाव त्याच्या बायकोचे. ते कागदोपत्री असल्यामुळे बदलता आले नाही. माझी पत्नी हफीजा गेली अकरा वर्षे तिचा उल्लेख ‘ती बया’ असा करते.

या अकरा वर्षांत मी बोटीची हयगय केलेली नाही. दरवर्षी तिला क्रेनने वर काढून तळ खरवडला आणि रंगवला. दर जुम्याला नमाजानंतर इंजिन पंधरा मिनिटे चालवले. शिडांना महिन्यातून एकदा धक्क्यावर पसरून ऊन दाखवले. लाईफ जॅकेटे अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहेत. संडासाचे उद्‍घाटन व्हायचे आहे. विक्रीच्या फलकावर ‘वापरलेली’ असे लिहायची पद्धत आहे म्हणून मीही लिहिले, पण वापरली ती नॉर्वेजियनाने. माझ्या ताब्यात आल्यापासून ती धक्क्याचा दोर सोडून एक वीतभरही गेलेली नाही.

कलम दोन. विक्री कशी ओढवली. ‘विकणे आहे’ असा फलक मी पहिल्याच वर्षी बोटीवर लावला. त्यामुळे दर शुक्रवारी हफीजाला ‘गिऱ्हाईक बघतोय’ असे सांगता येई आणि ते खोटेही ठरत नसे. तरी कानोकानी कळून तिघे आले. एकजण बूट घालून डेकवर चढला, त्याला तिथूनच खाली उतरवला. दुसरा कलिंगड पारखावे तशी टिचकी मारून बोट पारखू लागला. तिसऱ्याला मागच्या बाजूला बकरा भाजण्याची भट्टी बसवायची होती. तिघांनाही मी इथल्या भाषेत ‘खलास’ म्हटले, म्हणजे विषय संपला.

आता माझी नोकरी संपली. या महिन्याच्या अठ्ठाविसाव्या तारखेचे तिकीट काढले आहे, कायमचे परत जायचे. त्याआधी बोटीला मालक मिळाला नाही तर मरीनावाले तिला भंगारात काढतील, तसे त्यांनी लेखी कळवले आहे. हे हफीजाला समजल्यावर तिने मला न विचारता तुकारामला फोन केला.

तुकाराम बाबू दडस, राहणार दहिवडी, तालुका माण, हा आमच्या बोटदुरुस्तीच्या यार्डातला सुतार आणि माझा एकोणीस वर्षांचा दोस्त. ज्याच्या तालुक्यात टँकरने पाणी येते त्या माणसाने समुद्र पाहिला तो वयाच्या तिसाव्या वर्षी. त्याने येऊन बोटीला एक चक्कर मारली आणि मला म्हणाला, “कादिरभाई, पाटी समिंदराकडं तोंड करून लावलीया. माशांना इकताय व्हय बोट?”

अकरा वर्षांत हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. त्याने फलक सोडवला आणि माझ्या डोळ्यांदेखत धक्क्याकडे फिरवून चार स्क्रू आवळले. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलत नाही. आज एकोणिसावा दिवस. नवव्या दिवशीच गिऱ्हाईक आले.

गिऱ्हाईक म्हणजे हाशिर नावाचा हैदराबादचा तरुण इंजिनीअर आणि त्याची बायको रुमाना. दोघांनी चपला काढूनच डेकवर पाय ठेवला. लाकडावरून हात फिरवला आणि रंग कोणता वापरता ते विचारले. यांना हाकलायला मला एकही कारण सापडले नाही. शेवटी हाशिर म्हणाला, “चाचा, चलाके देखे बगैर तो मैं सैकल भी नै लेता. और चलाना आपकोच है. बोट आपकी, खूबियाँ आपको मालूम.” मी हो म्हटले. समोर रुमाना इतक्या आदराने बघत होती की दुसरे काही तोंडातून येईना.

कलम तीन. हे कलम मी मेल्यावरच वाचावे. मला बोट लागते.

थोडीथोडकी नव्हे. पंधराव्या वर्षी वडिलांनी मला कौले भरलेल्या गलबतावर मुंबईला नेले. म्हणजे न्यायला निघाले. हर्णैपर्यंत माझ्या पोटात आतडी सोडून काही उरले नव्हते. वडिलांनी मला तिथेच उतरवले, एसटीचे भाडे हातावर ठेवले आणि म्हणाले, “तुला एसटीतच नोकरी लागो.” सात पिढ्या गलबते हाकणारे तांडेल, आणि आठवी दापोली डेपोत उभी. त्यानंतर मी समुद्रात गेलो नाही. इथे यार्डात एकतीस वर्षे काढली, कारण बिघडलेली बोट क्रेनने जमिनीवर येते आणि मी जमिनीवरच तिचे इंजिन खोलतो. धक्क्याला बांधलेल्या बोटीतसुद्धा मी लिंबू चोखत बसतो.

गावात मला कप्तान म्हणतात. ही माझी चूक आहे. मी टोपी घालून ‘इंग्रिड’च्या सुकाणूपाशी फोटो काढला आणि घरी पाठवला. दोर दिसू नये म्हणून तीन वेळा काढावा लागला. मग तो फोटो मोठा करून आमच्या ओटीवर लागला आणि मागे फिरायची वाट बंद झाली.

हफीजाचे माहेर अंजनवेल, आमच्या खाडीच्या पलीकडे. पूर्वी होडी होती, आता फेरीबोट आहे, दहा मिनिटे लागतात. मी बत्तीस वर्षे चिपळूणवरून वळसा घालून चार तासांनी पोचतो. चिपळुणात माझे काम असते असे मी सांगत आलो. चिपळुणात माझे कधीही काहीही काम नव्हते. हफीजा, याची मला लाज वाटते. तुझ्या अब्बांच्या मयतीला मी दफनविधी उरकल्यावर पोचलो, तेही याच कारणाने. त्याबद्दल मला माफ कर.

कलम चार. बोटीची वाटणी. मौलवीसाहेबांना विचारले तेव्हा ते म्हणाले, बोट विका आणि पैसे वाटा. ते योग्यच आहे. पण सौदा होण्याआधी भर समुद्रात माझे बरेवाईट झाले तर वाटणी फुटांत करावी. शरियतप्रमाणे वारस नसलेल्याला जास्तीत जास्त तिसरा हिस्सा देता येतो. छत्तीसातले बारा. उरले चोवीस. माझे आईवडील हयात नाहीत, तेव्हा पत्नीचा आठवा हिस्सा तीन फूट. राहिलेल्या एकविसात मुलाला चौदा, मुलीला सात. एक इंचही शिल्लक राहत नाही. मला तरी बोट याचसाठी माझ्याकडे आली असे वाटते.

(अ) पुढचे चौदा फूट मुलगा उसामा याला. त्यात बिछाना आणि नांगर येतात. त्याला जागचे न हलणे आवडते. बोटीचे काय करू असे विचारले की तो गेली चार वर्षे “अब्बा, जस्ट सेल इट ना” एवढेच म्हणतो.

(आ) त्यामागचे सात फूट मुलगी तबस्सुम हिला. भावाच्या निम्मे म्हणून ती नाराज होईल. पण त्या सात फुटांत डोलकाठी उभी आहे, चव्वेचाळीस फूट उंच. मी वाटणी लांबीची केली आहे, उंचीची नाही.

(इ) त्यामागचे तीन फूट हफीजाला. तिथे शेगडी आहे. मेल्यावरही मला चुलीपाशीच बसवलेत असे ती म्हणणार. माझा नाइलाज आहे, फूटच तिथे येतात.

(ई) मागचे बारा फूट, सुकाणू आणि इंजिनासकट, तुकाराम दडस याला. त्याच्याशी मी बोलत नाही हे खरे. पण नॉर्वेजियन गेल्यापासून या बोटीचे प्रत्येक लाकूड त्याने जुम्याच्या सुट्टीत येऊन फुकट घासले आहे. सुकाणूचा दांडा त्याने घडवला आहे. तो दांडा दुसऱ्या कोणी धरलेला मला चालणार नाही.

कलम पाच. हत्यारे. पान्यांचा संच उसामाला. त्यातला तेरा नंबरचा पाना २०१७ पासून तुकारामकडे आहे. तो मी त्यालाच देत आहे, म्हणजे त्याच्या माथी चोरी राहणार नाही.

कलम सहा. दाभोळचे घर आणि बाकी सर्व शरियतप्रमाणे. ओटीवरचा फोटो मात्र उतरवावा.

साक्षीदारांच्या सह्या उद्या घेईन, घेण्याइतका राहिलो तर.

पुढील मजकूर, शनिवार. हस्ताक्षर तुकारामचे आहे, कारण तो न बोलावता बोटीत येऊन बसला आहे आणि माझे दोन्ही हात सुकाणूवर आहेत.

धक्का सोडल्यापासून सातव्या मिनिटाला मला पहिली उलटी झाली. आठव्या मिनिटाला हाशिरला झाली. दोन माणसे आणि बालदी एकच, म्हणून एक कठड्यावर गेला. मी त्याला म्हटले, “बेटा, सौदा राहू दे, परत फिरू.” तो कठड्यावरूनच म्हणाला, “चाचा, इसमें क्या है, सबको होता. मैं तो बस में भी करता. बोट ले ली मैंने.” एवढे बोलून त्याने पुन्हा मान खाली घातली. सबको होता, हे मला एकसष्ट वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

तुकाराम या वेळी चार उकडलेली अंडी खात होता. (लिहिणाऱ्याची नोंद : पाच.) त्याने शीड वर चढवले, ते भरले, बोट एका अंगाला झुकली आणि इंजिन बंद केल्यावर पाण्याशिवाय कसलाच आवाज राहिला नाही. अकरा वर्षे मी जिला घासतपुसत होतो ती ही होती तर. मला रडू आले. पोट रिकामे झाल्यावर रडायला बरीच जागा होते.

मग तुकारामने हफीजाला व्हिडिओ लावला. “भाभी, बघा, निघाली बोट.” मी तोंड फिरवले, पण बालदी दिसायची ती दिसलीच. मी म्हटले, “हफीजा, तुला एक सांगायचं राहिलंय.”

ती म्हणाली, “चिपळूणचं ना? मला लग्नाच्या तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. माझ्या अब्बांनाही ठाऊक होतं. जावई येणार म्हटलं की ते भात चार तास उशिरा लावायला सांगायचे.”

कलम तीन हयातीतच वाचले गेले असल्यामुळे रद्द. बोट हाशिर व रुमाना यांना विकल्यामुळे कलम चारही रद्द. मात्र दर जुम्याला सुकाणूवर तुकाराम बसेल ही अट हाशिरने आपणहून घातली आहे, कारण त्याला स्वतःला कठड्याशी मोकळे राहायचे आहे. तेव्हा मागचे बारा फूट ज्याचे त्याला मिळाले. (लिहिणाऱ्याची नोंद : तेरा नंबरचा पाना आणलाय. खिशातच होता.) तुकारामशी बोलणे सुरू केले आहे.

कलम सात. नवीन. हफीजाला तीन फुटांच्या बदल्यात काय हवे ते विचारले. ती म्हणाली, काही नको. म्हणून मी माझ्या मनाने लिहून देतो की, अठ्ठाविसाला निघून गावी पोचल्यावर पहिल्याच रविवारी मी हफीजाबरोबर फेरीबोटीने अंजनवेलला जाईन, बाहेरच्या कठड्याशी उभा राहून, सगळ्या गावादेखत. आधी तिच्या अब्बांच्या कबरीवर, मग घरी. भात वेळेवर लावावा. बालदी मी इथून घेऊन येत आहे.

वरचा मजकूर तुकारामने मला वाऱ्यातून ओरडून वाचून दाखवला, तो बरोबर आहे. सहीसाठी एक हात मोकळा केला आहे. अक्षर हलले असेल तर ते लाटेमुळे समजावे.

सही : कादिर दाऊद तांडेल

साक्षीदार :
१) हाशिर (सही दोन हप्त्यांत केली)
२) रुमाना

स्थळ : आखातात, किनाऱ्यापासून अंदाजे तीन मैल
दिनांक : १५ नोव्हेंबर २०२५