देवासचा गाळ

नाना, यंदाच्या दिवाळीत माझी टाकी मेली. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते, म्हणून सांगते: पीथमपूरच्या कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट आता मी सांभाळते. तुमचंच काम. सुट्टीआधीच्या साफसफाईत कुण्या प्लेटिंगवाल्याने निकेलचं पाणी गटारात सोडलं आणि घाण खाणारे माझे जंतू गारद झाले. वर पांढरा फेस, खाली काळा गाळ, कुजका वास. हा वास मला चांगला ठाऊक आहे. तुमच्या शर्टाला यायचा.

देवासच्या तुमच्या प्लांटवरही दर दिवाळीत थोडंफार निकेल यायचं, जंतू अर्धमेले व्हायचे. एका पाडव्याला मी ओवाळणीचं तबक घेऊन उभी, आई पाट मांडतेय, आणि तुम्ही अनारशांसाठी आणलेली गुळाची ढेप उचलून टाकीकडे निघालेले. जंतूंना उभारी यावी म्हणून. मी दारात आडवी आले. "ओवाळू तरी द्या, नाना." चपला घालता घालता तुम्ही म्हणालात, "तू थांबशील गं. ते जीव नाही थांबायचे." मी थांबले. निरांजनात तूप घालून घालून थांबले. दिवे लागल्यावर तुम्ही आलात, आणि जेवताना सगळं त्यांचंच कौतुक: आज रंग धरला, आज हलले. माझ्या नव्या फ्रॉककडे तुमचं लक्षही नव्हतं. बाकीच्या पोरी बापाच्या लाडावरून भावंडांवर जळतात, मी गाळावर जळले. हसण्यासारखंच आहे, पण ते अजून गेलेलं नाही.

मेलेली टाकी पुन्हा लावायची तर दुसरीकडचा जिवंत गाळ विरजणासारखा घालावा लागतो. मी देवासला फोन केला. तिथले आताचे साहेब म्हणाले, "दीदी, टँकर भेज देता हूँ. नाना साब के टाइम का ही माल चला आ रहा है. थोड़ा-थोड़ा निकेल झेल के पक्का हो गया. नाना साब तो इससे बातें करते थे." काय बोलायचात, ते मी विचारलं नाही.

टँकर आला. चुना घालून निकेल आधीच खाली बसवलं होतं, मेलेला गाळ उपसून काढला होता. "भिया, आस्ते छोड़ना," मी ड्रायव्हरला म्हणाले, आणि ज्यांच्यासाठी तुम्ही मला थांबवलंत ते माझ्याच टाकीत उतरताना बघत राहिले. खायला गूळ मात्र दिला नाही. डेअरीचं सांडपाणी दिलं.

काल मायक्रोस्कोपखाली ते हलताना दिसले. प्लांटवर सगळ्यांनी कचोरी मागवली, माझं अभिनंदन केलं. हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून लिहिते. ते जगावेत म्हणून मी हातचं काही राखलं नाही, नाना. मनातून मात्र मला ते मरायला हवे होते. मेले असते, तर त्या पाडव्याला तुम्ही उगाच गेलात, असं मला म्हणता आलं असतं.