डाव्या जोड्याचं टोक

नीबे, ६ एप्रिल

प्रिय तोवे,

तू आणि हेनिंग, दोघं नवराबायको खुशाल असाल असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक. आईने लावलेल्या रुबार्बला लाल कोंब फुटलेत. यंदा मुरंबा करणारं कुणी नाही, तेव्हा शेजाऱ्यांना वाटीन. खाडीवरचं वारं अजून बोचतं. ओकच्या सालीत वर्षभर मुरलेलं वासराचं चामडं परवा आलं. मुडपून पाहिलं, कुठे भेग नाही. असं चामडं दहा वर्षांत हाती आलं नव्हतं.

व्हायकिंग बाजाराला चार आठवडे उरलेत. अकरा गिऱ्हाइकांचं काम बाकी आहे आणि बाहेरून मागवलेलं जवसाचं सूत दर चौथ्या टाक्याला तुटतंय. मेण वाढवून पाहिलं, पीळ बदलून पाहिला. सूतच वाईट आहे.

लोक विचारतात, ‘व्हायकिंगांचे जोडे शिवायला शिकलात कुठे?’ मी सांगतो, कुणाकडेही नाही. संग्रहालयाच्या काचेला नाक लावून टाके मोजले, सात जोड वाया घालवले, आठवा पायात गेला. यात खोटं काही नाही. फक्त त्या आठव्या जोडाचं सूत टकळीवर कुणी कातलं, हे मी सांगत नाही. तेवीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही.

गेल्या मेपासून तुझं सूत आलं नाही. फोनही नाही. मीही केला नाही. मी स्वतःला बजावत राहिलो की बाजाराच्या दारावरचा तपासनीस मी, नियमही मीच लिहिलेले: यंत्राची शिवण नाही, प्लास्टिक नाही, रबर नाही, हजार वर्षांपूर्वी नव्हतं ते काहीच नाही. बहीण म्हणून तुला आत सोडलं असतं तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने अडवणार होतो?

पण काय झालं ते मला आठवतं. तू रांगेत होतीस, मागे तीसेक माणसं. मी टेबलावरून मान वर न करता म्हणालो, “पाय दाखवा.” जोडा माझ्याच हातचा निघाला आणि खाली रबर चिकटवलेलं. माझं डोकं फिरलं.

“हे काय?”

“दादा, गवतावर घसरतं रे.”

“हजार वर्षांपूर्वीही गवत ओलंच होतं, बाईसाहेब. तेव्हा रबराची झाडं लावली होती का आपल्याकडे?”

लोक हसले. मला ते हसू आवडलं, हेही लिहून टाकतो.

तू जोडे काढून माझ्यापुढे ठेवलेस. “ठेव तुझा इतिहास तुझ्याजवळ,” म्हणालीस आणि अनवाणी गाडीकडे निघालीस. मी पुढच्या माणसाला म्हटलं, “पाय दाखवा.” तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

ते जोडे नऊ महिने माझ्या फळीवर होते. तळ वर करून ठेवले होते, तुझा गुन्हा मला दिसत राहावा म्हणून.

फेब्रुवारीत खाली घेतले. चांगलं चामडं कशाला वाया घालवा, रबर खरवडून टाकू, एवढाच विचार. मी बाजारात दरवर्षी जे दाखवतो ते तुला तोंडपाठ आहे. जमिनीतून निघालेल्या त्या जुन्या जोड्याची नक्कल हातात धरून सांगतो, “बघा, इथे झीज आहे, इथे नाही. ही बाई लंगडत होती. हजार वर्षांनीसुद्धा तिचं दुखणं मी वाचू शकतो.” मग टाळ्या पडतात.

तुझ्या उजव्या जोड्याचा तळ रबरासकट झिजलाय. डाव्याची टाच कोरी आहे. पण डाव्याचं टोक वरच्या बाजूने घासून कागदासारखं झालंय, भोक पाडायला आरीसुद्धा लागणार नाही इतकं. तोवे, तुझा डावा पाय उचलला जात नाही. बोटं खाली लोंबतात, जमिनीला अडतात. घसरत नव्हतीस तू. पडत होतीस.

हेनिंगला फोन केला. तो म्हणाला, “मला कशाला विचारतोस? तिला विचार. ती वाट बघून दमली.” आणि ठेवला.

त्यानंतर आठ आठवडे गेले.

तुझ्या नव्या जोडाची शिवण झाली आहे. सूत तुझंच, शेवटचं रीळ होतं, एकदाही तुटलं नाही. डाव्याचं टोक दुहेरी केलंय आणि घोट्यापाशी रुंद वादी घातली आहे, पाय वर धरून ठेवेल अशी. खाली लावायचं रबर कापून टेबलावर ठेवलंय. काल लोहार प्रेबेन कॉफीला आला होता, ते बघून फिदीफिदी हसला. “काय हो एगॉनशेठ, हजार वर्षांपूर्वीच्या डेन्मार्कात टायरचं दुकान निघालं वाटतं?”

“निघालं,” म्हटलं, “मालक मी.”

नियमांत एक ओळ घातली: पायाला गरज असेल त्याने तळाला हवं ते लावावं, तपासनीसाने कारण विचारू नये. बाजाराच्या समितीत दोघांनी नाकं मुरडली. मी म्हटलं, मग तपासनीस दुसरा बघा. अजून उत्तर नाही. माझी खुर्ची जाईलही.

जोडे मात्र अजून पालटलेले नाहीत. उलटेच आहेत, शिवण बाहेर. भिजवून पालटले की ओले असतानाच पायात घालायला हवेत, मगच पायाचा आकार धरतात. मी जुन्या मापावर शिवलेत आणि ते माप आता खरं नाही. तेव्हा तुझा पाय इथे हवा. येणं होणार नसेल तर पाण्याची बादली घेऊन मी येतो. फक्त दार उघड.

आधी तू या दारापासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखव. मी नुसता बघेन, बोलणार नाही. मग काय झालंय ते सांग, सगळं, पहिल्यापासून.

त्या दिवशी मी चुकलो. नियमात नव्हे, तुझ्या बाबतीत.

तुझ्याच सुतावर तेवीस वर्षं मिरवलेला,
दादा