भीमेतले सात एकर अकरा गुंठे

४ जानेवारी १९९८, रविवार

स्वतःच्या हातानं केलेलं, आजअखेर — घर एक, दोन खणी, चौदा बाय बावीस फूट. विटा चार हजार सहाशे, बेटाच्याच गाळाच्या, बेटावरच भाजलेल्या. तीनशे बारा फुटल्या, त्या पायात घातल्या. होडी एक, बाभळीची, तेरा फूट, डांबराचे तीन हात. नदीत उतरायला दगडी पायऱ्या सतरा, प्रत्येक सात इंच — एकही साडेसात नाही! न्हाणी, संडास, कणग्या दोन. आणि काल संध्याकाळी पुरी झाली ती चूल, शेजारी दुसरं भांडं ठेवायची औल, दोन्हींच्या मध्ये नऊ इंच.

कुणी शिकवलं नाही. शाळा सातवी. बाकी बघून, आणि मोडून.

आता वच्छलाकडं न यायला कारण उरलं नाही. चार वर्षं मी बेटावर आणि बायको मांडवगणात. घर नव्हतं, घर केलं. होडीला कठडा नव्हता, कठडा केला. ती पाण्याला भिते. तसं कधी बोलली नाही, पण भितेच. नाहीतर दोनशे फुटांचा पाट ओलांडायला माणसाला चार वर्षं लागतात?

९ जानेवारी

गावात गेलो होतो. वच्छलाला चूल झाल्याचं सांगितलं. 'बरं,' म्हणाली.

बरं! एवढंच.

१ फेब्रुवारी, रविवार

पोपटराव फराटे बेट बघायला आले. साखर कारखान्याचे माजी संचालक, पण होडीत दोन्ही हातांनी कठडा धरून बसले होते. पायऱ्या मोजल्या, भिंतीला ओळंबा लावून बघितला. हललेला दिसला नाही. मग पायरीवर बसून नेहमीचं रडगाणं — 'आमच्या आज्यानं घोंगडीपायी बेट घालवलं बघा, बिरदेवराव.'

खरं आहे ते. लिहून ठेवतो, पुढच्यांना ठाऊक असावं. एकोणीसशे एकतीसच्या पुरात माझा आजा एकशे साठ मेंढरं घेऊन या उंचवट्यावर अडकला. एकोणीस दिवस. भोवती पाणी, वर पाऊस, खायला मेंढीचं दूध. पाणी ओसरलं तेव्हा फराट्यांचा आजा होडीतून बघायला आला — माणूस मेला का जिवंत आहे. आजा घोंगडीत बसलेला, अंगावर थेंब नाही! फराटे पाटलाला घोंगडीच आवडली. 'ही दे, बेट घे,' म्हणाला. तेव्हा इथं नुसती लव्हाळी होती, चेष्टेत बोलला. आज्यानं चेष्टा धरून ठेवली. दुसऱ्या दिवशी घोंगडी आणि वर चाळीस मेंढ्या घेऊन वाड्यावर हजर! कागद झाला. 'एक काळी घोंगडी व मेंढ्या नग चाळीस.' कागद माझ्या पेटीत आहे.

तलाठ्याच्या उताऱ्यात बेट सात एकर दहा गुंठे आहे. मी स्वतः केलेल्या साखळीनं तीनदा मोजलं. अकरा गुंठे. चूक तलाठ्याची.

जाताना पोपटराव म्हणाले, 'बेट झाक हाय. राजा हाय. राणी तेवढी न्हाई.' होडी मुद्दाम जरा डोलवली.

२२ मार्च

गहू निघाला, अकरा पोती. चुलीचा धूर घरभर फिरतो. वारा पश्चिमेचा. बाहेर तीन दगड मांडून भाकरी केली. तात्पुरती.

३ मे, रविवार

मेव्हणा मल्हारी कवठे येमाईहून निघाला. कोकणातून परतलेली मेंढरं, दोनशे दहा. बारा दिवस बेटावर बसवायची. रात्री वाघरात, जाळीच्या कुंपणात, कोंडली की रान आपोआप खतावतं, पेरणीला सोनं. त्याच्या बदल्यात दोन पोती गहू.

मेंढरं पाण्यातून आणायची कशी, त्याची तयारी पुरी. डांबराची रिकामी पिंपं आठ, वर फळ्या, भोवती कठडा. एका खेपेला बारा मेंढरं. खेपा अठरा. एक खेप पंचवीस मिनिटं. एकूण साडेसात तास. सकाळी सातला सुरू केलं की अडीचला शेवटचं मेंढरू उतरलं पाहिजे.

६ मे, बुधवार

हसू अजून आवरत नाही. सगळं क्रमानं लिहितो.

सातला काठावर गेलो. मल्हारी तराफ्याकडं बघत राहिला. 'दाजी, हे काय?' मी हिशोब सांगितला. त्यानं पटका काढून डोकं खाजवलं. 'दाजी, मेंढरू काय एष्टीनं जातं व्हय?' मी म्हणालो, तू गप बस, चढव.

बारा चढवली. निम्म्या पाण्यात गेलो आणि मागं राहिलेली मेंढरं ओरडली. झालं! बाराच्या बारा एका अंगाला धावली, तराफा उभा राहिला, कठडा मोडला, मेंढरं पाण्यात. आणि पोहत परत मांडवगणला! मी तराफ्याला लोंबकळतोय. काठावर सगळा गाव.

वच्छलाही होती, भावाला भेटायला आलेली. तिनं हातातली डाळीची पिशवी खाली ठेवली. कासोटा आवळला. कळपातली म्होरकी शोधली, तिच्या कानाला धरलं आणि सरळ पाण्यात शिरली. गुडघा, मांडी, कंबर. तोंडानं नुसतं 'हिर्रर्र, हिर्रर्र'. मागं एकेक करत दोनशे दहा! नदी पांढरी-काळी झाली. वच्छला मला ओलांडून गेली तरी माझ्याकडं बघितलं नाही.

तेवीस मिनिटं. घड्याळ भिजलं होतं, पण चालू होतं.

मल्हारी शेपटाला होता. जाता जाता म्हणाला, 'म्होरकी न्यायची असती, दाजी. बाकीची येत्यात.'

बेटावर पोचलो तर ती सतराव्या पायरीवर लुगडं पिळत बसलेली. म्हणालो, 'तू पाण्याला भीत नाहीस?'

'कोण म्हणलं?'

'मग चार वर्षं?'

'तुम्ही काय म्हणला, आठवा. घर झालं म्हणून सांगितलंत. कठडा झाला म्हणून सांगितलंत. चूल झाली म्हणून सांगितलंत. येतीस का, असं कवा म्हणला?'

आठवलं. एकदाही नाही. मी तारखेनिशी लिहिणारा माणूस — सगळ्या वह्या उलटल्या. एकदाही नाही.

७ मे

पहार घेऊन तिनं माझी चूल फोडली!

विचारलं, का? 'औल कुठल्या अंगाला घातलीय?' उजव्या. 'मी कुठल्या हातानं भाकरी उलटती?'

डाव्या. वीस वर्षं डाव्या हातची भाकरी खातोय. ठाऊक होतं. माप घेताना आठवलं नाही.

'आन् बाईची पाठ दाराकडं? कोण आलं, कोण गेलं, कसं कळावं?'

मल्हारी बांधावरून ओरडला, 'ताई, बाप्यानं घातलेली चूल म्हंजी रेड्याचं दूध गं!' दोघं बहीण-भाऊ हसून हसून बसले. मीही हसलो. थोडं उशिरा.

माती, भुसा, मेंढराच्या लेंड्या एकत्र तुडवल्या. माप एकच — वीत आणि चार बोटं. तोंड दाराकडं. औल डावीकडं. संध्याकाळी पेटवली. धूर सरळ दारातून बाहेर, नदीवर. घरात बसून जेवलो! चार महिन्यांत पहिल्यांदा.

मी चुलीची उंची मोजायला टेप काढला. 'ठिवा ते,' म्हणाली. ठेवला.

१८ मे

मेंढरं निघाली. पुन्हा म्होरकीच्या मागं. बेट काळंभोर झालंय, वास सुटलाय, चांगला. मल्हारी पाण्यात उभा राहून म्हणाला, 'ताई, चल, गावात सोडतो.'

ती माझ्याकडं बघत होती. मला घाम फुटला. घर बांधताना फुटला नव्हता.

विचारलं. 'राहतेस का इथं?'

'आत्ता कसं!' म्हणाली. मग बोटं मोडत — मांडवगणाच्या अंगाला खिडकी पाहिजे. डाव्या हाताला फडताळ पाहिजे. आणि होडीचा कठडा काढा, मी काय मेंढरू हाय?

कठडा संध्याकाळपर्यंत काढला. सोळा खिळे, सगळे सरळ निघाले.

२४ मे, रविवार

लेक धनश्री राहायला आली. दहावीचा निकाल लागायचाय, तिला काळजी नाही. दिवसभर नदीत. 'आप्पा, आधी का नाही आणलंत आम्हाला?' म्हणते. काय सांगू!

खिडकी झाली. तीन बाय अडीच. वच्छलाला विचारून.

१३ जून

बाजरी पेरली. नदी चढली. वच्छला होडी वल्हवते. डाव्या हाताचा जोर, होडी उजवीकडं जाते. तरी पोचते!

२१ जून, रविवार

पुण्याचा एक गृहस्थ आला, पांढरे बूट, चिखलात. पुण्याची माणसं शनिवार-रविवार राहायला येतील, झोपड्या बांधू, लाँच ठेवू, म्हणाला. बेट विकत पाहिजे. आकडा सांगितला. रोख.

उत्तर तोंडावर होतं. तरी म्हणालो, 'घरात विचारून सांगतो.' हे वाक्य जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून गेलं. चव बरी आहे.

२२ जून, सोमवार

सकाळी विचारलं. वच्छला भाकरी थापत होती, मान वर केली नाही. 'पांढऱ्या बुटाचा का? संक्रांतीला मांडवगणात आला व्हता. मालकास्नी गळ घाला, दोन लाख जास्ती देतो, म्हणला. म्या तवाच न्हाई म्हणून लावून दिला.'

संक्रांतीला! तिनं बेटावर पाऊल टाकायच्या आधी चार महिने!

गृहस्थाला निरोप धाडला — बेट विकायचं नाही. मी नाकारले चौदा लाख. तिनं सोळा.