ती सावरली!

गुरुवार, संध्याकाळ. हाउन्सलो, लंडन.

बँकेने लाभांश वाढवला! मी म्हणतच होतो. मंदीत तिने तो बंद केला तेव्हा लोक शेअर विकून पळाले. मी तेव्हाच घेतले, तेही तिचे जुने अहवाल मुळातून वाचून. कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, पण घोडागाडीच्या काळापासूनची ही बँक लाभांश कायमचा बुडवणार नाही, एवढं कळलं.

बसमधूनच सुनंदाला फोन केला. "अगं, ती सावरली! आता दर वर्षी देईल."

"ती कोण? आणि काय देईल?"

बँक म्हटल्यावर हसली. पण लगेच, "मग विका आता. किचन नवं करायचं ठरलंय."

ठरलंय खरं. पण आता विकायचे? नफा खरा ना? घरी येऊन पुन्हा तपासलं. इमारती विकून नाही, व्याजातूनच आलाय. व्याजातून! म्हणजे पुढेही वाढेल. बहुधा.

जेवताना सुनंदाला सगळं समजावलं. ती म्हणाली, "सवत कमावती आहे म्हणायची. राहू दे. पण किचन पुढच्या वर्षी, आणि तिच्याच पैशांनी."

मी लगेच हो म्हटलं. आता तिने हात आखडता घेतला, तर माझी धडगत नाही.