जे घर माझे नाही, त्याची व्यवस्था

मी, लीलावती दिनकर देवस्थळी, वय वर्षे त्र्याहत्तर, मूळची सांगलीची, गेली चौतीस वर्षे नेदरलँड्समधील वाडन समुद्रातल्या नॉर्डरडाउन या बेटावर राहणारी, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. मला कोणी धमकावलेले नाही, भुलवलेले नाही, आणि मजकूर सांगणारी व लिहिणारी मी एकच आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझे यजमान कै. दिनकर यांनीही केले नव्हते. "आधी पुण्याला परत जाऊ, मग तिथे निवांत करू," असे ते म्हणत. ते २०१६ साली याच बेटावर वारले. आता मार्च महिन्यात माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही असे निघाले, तेव्हा मी निवांतपणाची वाट न पाहता कागद पुढे ओढला. पुण्याची मिळकत भारतात असल्याने हे मराठीत लिहीत आहे. इथल्या चीजवस्तूंसाठी बोटीने पलीकडे जाऊन नोटरीकडे डच भाषेत वेगळा दस्त करायचा आहे. त्यात इकडचे तिकडचे लिहू देत नाहीत, म्हणून तेही इथेच लिहून घेते.

कलम १. राहते घर.

मृत्युपत्रात घर पहिले येते, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते. चौदा नंबरचे हे घर माझे नाही. ते बेटावरच्या गृहसंस्थेचे आहे आणि मी भाडेकरू आहे. तीन खोल्या, वर माळा, मागे लसूण आणि मेथी येण्यापुरती जमीन. भाडे बेताच्या मिळकतीच्या माणसाला झेपेल असे. मी मेले की भाडेकरार संपतो. मग संस्था हे घर पुन्हा भाड्याने देणार नाही, विकणार आहे, आणि जो जास्त देईल त्याला विकणार आहे. जास्त देणारा कोण असतो ते आम्हाला पाठ झाले आहे.

आमची ओळ आठ घरांची. पाच विकली गेली. एकेक म्हातारे माणूस गेले, की पंधरवड्यात दाराशी पाटी लागते. मग नवे मालक येतात, भिंती पांढऱ्या करतात, दाराशेजारी किल्लीची आकडेवाली पेटी ठोकतात आणि घराला नाव देतात. माणसे राहत होती तेव्हा या घरांना नुसते नंबर होते. जुलैमध्ये तिथे सुट्टीचे पाहुणे असतात, जानेवारीत चिटपाखरू नसते. आमच्या बेकरीवाल्याला कामाला माणूस मिळत नाही, कारण माणसाला राहायला जागा मिळत नाही. डॉक्टर आठवड्यातून दोनदा बोटीने येतात. वारे फार असले की तेही नाही.

माझी मुलगी अश्लेषा, वय तेहेतीस, याच बेटावर वाढली. इथल्या शाळेत ती लहान वर्गाला शिकवते. पाच वर्षांपूर्वी नोकरीसाठी डेल्फ्टहून परत आली तेव्हा तिला भाड्याचे घर मिळेना, म्हणून माझ्या माळ्यावर राहिली. यादीत नाव घातले. अजून यादीत आहे. माझ्यामागे हे घर तिच्या नावे व्हावे, एवढीच माझी या जगाकडे मागणी आहे. बाकीची कलमे कमीजास्त झाली तरी चालतील.

कायदा म्हणतो, मुलीला घर राहू शकते. पण आईशी तिचा कायमचा एकत्र संसार होता हे तिने सिद्ध करायला हवे. म्हातारे आईबाप आणि मोठी मुले यांचा संसार कायमचा नसतो, मुले कधीतरी उडून जातात, असे इथे धरून चालतात. मी चौकशी केली म्हणून गृहसंस्थेचे एक गृहस्थ घरी आले. भला माणूस. बूट बाहेर काढले, चहा घेतला, दोन चकल्या खाल्ल्या.

"तुम्ही दोघी खर्च वाटून घेता का?" त्यांनी विचारले.

"वाटून कशाला? ती माझी मुलगी आहे."

"किराणा? वीज?"

"मी भरते."

"भाड्यातला काही भाग ती देते?"

मी ताठ बसले. म्हटले, "आमच्यात लेकीकडून जेवणाचे पैसे घेत नाहीत. मी आई आहे, खानावळ चालवत नाही."

त्यांनी मान डोलावली आणि ते तसेच्या तसे लिहून घेतले. मला वाटले, काय बाणेदार उत्तर दिले आपण! ते गेल्यावर पाहते तर अश्लेषा ओट्याशी कपाळाला हात लावून उभी. तिने पाच वर्षे दर महिन्याला माझ्या खात्यात पैसे टाकले होते, आणि मी दर महिन्याला ते परत पाठवले होते. म्हणजे माझ्या मुलीचा या घरात वाटा नाही याचा पुरावा मीच महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा करत होते. त्यानंतर मी पैसे घ्यायला लागले. वकील म्हणाले, आता घेतलेत तर ते मुद्दाम केल्यासारखे दिसेल. घेतले तरी पंचाईत, नाही घेतले तरी पंचाईत. सांगलीत माझ्या आईला हे सांगितले असते तर तिने त्या वकिलाची दृष्ट काढली असती.

आणखी एक गोष्ट लिहिते, म्हणजे कोणी म्हणायला नको की संधी नव्हती. २००९ साली संस्थेने आम्हाला हे घर सवलतीत विकत घ्या म्हणून विचारले होते. दिनकर वाखनिंगनच्या विद्यापीठातून खाऱ्या जमिनीतल्या बटाट्यावर काम करायला इथे दोन वर्षांसाठी आले होते. ती दोन वर्षे तेव्हा अठरा झाली होती, तरी ते म्हणाले, "इथे विटा कशाला विकत घ्यायच्या? आपण जाणारच आहोत." आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात हे वाक्य मी ऐकले आहे. सुटकेससुद्धा पलंगाखाली, हाताशी.

एवढे लिहूनही या कलमाने काही होत नाही, हे मला ठाऊक आहे. जे माझे नाही ते मी देऊ शकत नाही. तरी माझी इच्छा नोंदवते: घर अश्लेषाला राहावे. ते होणार नसेल, तर जो जानेवारीतही इथे राहील अशा कोणालाही भाड्याने द्यावे. मला तो माणूस आवडायलाच हवा असे नाही.

कलम २. पुण्याचा फ्लॅट.

सिंहगड रस्त्यावरचा, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट माझा आहे, एकटीच्या नावावर, कर्ज फिटलेला. इथले घर घ्यायचे पैसे त्यात गेले. त्यात आम्ही सगळे मिळून दोन महिनेही राहिलो नसू. जे घर माझे आहे त्यात मी राहत नाही, आणि ज्यात राहते ते माझे नाही. शेजारीण टीनेके एकदा म्हणाली, "लीला, तू आमच्या रिकाम्या घरांवर चिडतेस, आणि तुझेही एक बंदच आहे की." मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. खरे बोलणाऱ्याशी बोलणे जड जाते.

तो फ्लॅट विकून इथे घर घेता येईल का, तर नाही. तिकडचा अख्खा फ्लॅट विकला तर इकडचा जिना येईल, फार तर कठड्यासकट.

हा फ्लॅट मी अश्लेषाला देते. तिने विकावा किंवा ठेवावा. ठेवला तर बंद ठेवू नये. जवळपास नोकरी असलेल्या, राहायची अडचण असलेल्या कोणाला तरी बेताच्या भाड्याने द्यावा. दिनकरांचे पुतणे चि. सुबोध यांच्याकडे आज किल्ली आहे. "काकू, मी अधूनमधून हवा खेळवतो," असे ते म्हणतात. त्या हवेबरोबर त्यांचे सासूसासरे सहा महिने राहून गेले, हे मला खालच्या दुकानदाराकडून कळले. सुबोधवर माझा राग नाही. थोडा आहे. त्यांना मी किल्ली परत करण्याचा मान देते, आणि गॅलरीत ठेवलेली त्यांची जुनी स्कूटर त्यांनाच देते. ती दुसऱ्या मजल्यावर कशी चढली हे त्यांनी कोणाला तरी सांगून ठेवावे.

कलम ३. बचत व शिलाई मशीन.

मी इथे नवऱ्याच्या व्हिसावर आले. डच येत नव्हते, काम नव्हते, वारा मात्र होता. मग शिवायला लागले. आधी चेन बदलून देणे, मग उसवलेले कोट, मग पडदे. बँकेत जे आहे ते बहुतेक पडद्यांचे आहे, आणि पडदे बहुतेक त्याच पाच घरांचे आणि त्यांच्यासारख्या आणखी पन्नासांचे आहेत. नव्या मालकाला पहिली गरज पडद्यांची लागते. मी मापे घेतली, पैसे घेतले, आणि घरी येऊन त्यांना नावे ठेवली. शिल्लक सगळी अश्लेषाला. मशीन शाळेला द्यावे, मुलांच्या नाटकाचे कपडे शिवायला. पायडल घट्ट आहे, तेल घालून वापरावे.

कलम ४. दागिने व स्वयंपाकघर.

पाटल्या, मंगळसूत्र, एक मोहनमाळ अश्लेषाला. ती घालणार नाही, माहीत आहे. पुरणयंत्र, पोळपाट, मोठी परात तिलाच. ती मी बोललेले सगळे समजते आणि उत्तर डचमध्ये देते. पुरणपोळी मात्र मराठीत करते, म्हणजे कडेपर्यंत पुरण जाते.

कलम ५. माझे शरीर.

बेटावर पुरायची सोय आहे, दहनाची नाही. त्यामुळे मेल्यावरही मला बोट पकडावी लागेल. वादळात नेऊ नये, मला बोट लागते. राख पुण्याला नेऊ नये. ओहोटीच्या वेळी बांधापलीकडे सोडावी. तेराव्याला गोड करावे आणि ओळीतल्या उरलेल्या दोन्ही घरांत डबा द्यावा.

कलम ६. टीनेके.

टीनेके बारा नंबरमध्ये राहते. घरे विकायचे ठरले तेव्हा ती भाडेकरूंच्या समितीत होती आणि तिने हात वर केला होता. विक्रीच्या पैशातून उरलेल्या घरांना दुहेरी काचेच्या खिडक्या मिळणार होत्या. मिळाल्या. तिलाही, मलाही. हिवाळ्यात मी त्या खिडकीशी ऊन घेत बसते, तेव्हा तिला काय बोलणार? मी तिला माफ केले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून तिला मी काही देत नाही. हे मी तिला तिने सही करायचे कबूल केल्यानंतर सांगितले.

कलम ७. व्यवस्था.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी अश्लेषाने करावी.

पुरवणी.

वरचा मजकूर काल पुरा झाला. आज सह्यांसाठी द हेगहून माझी तीस वर्षांची मैत्रीण विशाखा आली आहे. माझ्यासारखीच नवऱ्याबरोबर आलेली आणि इथेच राहिलेली. टीनेके होतीच. अश्लेषाला देवनागरी नीट वाचता येत नाही, म्हणून विशाखाने कलम एक मोठ्याने वाचले. वाचून झाल्यावर अश्लेषा मराठीत बोलली. ती मराठीत बोलते तेव्हा बातमी वाईट असते.

"आई, मला पलीकडे, झ्वोलेला शाळा मिळालीये. घर पण. भाड्याचं. तिकडच्या लिस्टवर पण नाव होतं ना, नंबर लागला. ऑगस्टमध्ये जाते."

मी म्हटले, "मला का नाही सांगितलंस?"

"तुझं हार्टचं कळलं, त्याच आठवड्यात फोन आला."

"अगं, पण मी आहे ना अजून! मी आहे तोवर घर आहे. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांवर दहा वर्षंसुद्धा निघतील."

तिने विशाखाच्या हातातला कागद घेऊन टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "तू रात्री खोकलीस ना, की मला आधी घर आठवतं. आधी घर, मग तू. मला असं नाही राहायचं, आई. मला आधी तू आठवायला पाहिजेस."

विशाखा बाहेर जाऊन उभी राहिली. टीनेकेला मराठी कळत नाही, पण तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणजे कळले असावे.

म्हणून लिहिते की, कलम एकमधील अश्लेषाबद्दलची इच्छा रद्द समजावी. तिला या घराची गरज राहिलेली नाही. शाळेने लहान वर्गाला दुसरी बाई शोधावी. बाईला घर कुठले देणार ते मला माहीत नाही. माळ्यावरचा पलंग जिन्यातून खाली येत नाही, तो तिथेच ठेवावा. गादी तिने न्यावी. मी इथेच राहीन. मी आहे तोवर हे घर विकता येत नाही, एवढे एकच काम आता माझ्याच्याने होते. ते कोणासाठी करायचे ते मला ठाऊक नाही, पण करीन.

कलम एक ते सात मी राजीखुशीने लिहिली आहेत. ही पुरवणी राजीखुशीने लिहिलेली नाही.

सही: लीलावती दिनकर देवस्थळी

आम्हा दोघींच्या समोर वरील सही झाली, आणि आम्ही त्यांच्या व एकमेकींच्या समोर सह्या केल्या:

१. विशाखा मुकुंद रानडे, द हेग
२. टीनेके होल्वर्डा, घर नंबर बारा, नॉर्डरडाउन

स्थळ: नॉर्डरडाउन, नेदरलँड्स
दिनांक: १४ जून २०२५